शेवटी रिक्त संच असलेलं गाव

फोन थरथरला तेव्हा गिरिजाचे दोन्ही हात कणकेत होते. ओट्यावर मिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनवर नेहमीची पट्टी उमटली: हायस्कूल, गणित, आज, पूर्ण दिवस. खाली एक हिरवा चौकोन. सप्टेंबरपासून अशा पट्ट्या सकाळी सकाळी येत होत्या आणि ती त्यांच्याकडे दारावरून जाणारी वरात बघावी तशी नुसतीच बघत राहायची. थोड्या वेळानं चौकोन राखाडी व्हायचा, म्हणजे अमेरिकेतल्या या ट्रॉय गावात दुसऱ्या कुणीतरी ते काम उचललेलं असायचं, आणि तिला इतकं हायसं वाटायचं की मग स्वतःचाच राग यायचा. आज मात्र काय झालं कोण जाणे. तिनं बोटाचं पेर त्या चौकोनावर टेकवलं. काचेवर कणकेचा ठसा उमटला आणि फोननं कळवलं की काम तुमचं झालं. पोटात काहीतरी उसळलं. आधी तिला ती भीती वाटली, कारण भीती चांगली ओळखीची होती. पण ही भीती नव्हती. हा आनंद होता, अगदी हुंदडणारा, आणि पन्नाशीच्या बाईला शोभणार नाही असा. तो आनंदच आहे हे नीट कळेपर्यंत तिचे हात धुऊन झाले होते.

"आज पोळ्या नाहीत," ती सौमित्रला म्हणाली. तो कॉफीचा मग घेऊन लॅपटॉपची बॅग शोधत होता. गाड्यांच्या एका कंपनीत त्याची आयटीची नोकरी होती आणि बॅग शोधणं हा तिचा पहिला भाग होता.

"का गं? बरं नाहीये का?"

"शाळेत चाललेय."

"कुणाच्या?" असं त्यानं विचारलं, आणि त्याचंही बरोबरच होतं. त्यांचा मुलगा आर्य कॉलेजला गेल्यापासून या घरातून शाळेत कुणीच जात नव्हतं.

"माझ्या. म्हणजे आजच्या दिवसापुरती. सबस्टिट्यूट टीचर म्हणून, कुणाच्यातरी बदली."

सौमित्रनं मग खाली ठेवला. "अगं, तू तर ते मनातून कॅन्सल केलं होतंस ना?"

"केलं होतं. पण आज ॲक्सेप्ट झालं हातून."

"सोडायला येऊ? नर्व्हस असशील."

"नाहीये ना, तेच तर कळत नाहीये. मी ड्राइव्ह करते."

रस्त्यावर ऑक्टोबर पसरला होता. मेपलची झाडं अशी काही लाल झाली होती की सिग्नल कुठला आणि झाड कुठलं हे नीट बघून घ्यावं लागत होतं. गिरिजा स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून चालवत होती आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. काय, ते एका लाल दिव्यापाशी तिच्या लक्षात आलं. ती दहावीची प्रमेयं म्हणत होती, मराठीतून. वर्तुळाच्या समान जीवा केंद्रापासून समान अंतरावर असतात. तिला हसू आलं. सबस्टिट्यूट या शब्दाचंही तिला सकाळपासून हसू येत होतं, कारण तिच्या लेखी सबस्टिट्यूट करणं म्हणजे एक्सच्या जागी किंमत घालणं. आज कुठल्यातरी शाळेतला एक्स आजारी पडला होता आणि त्याच्या जागी गिरिजा घालायची होती. आता समीकरण सुटतं की नाही ते बघायचं. सुटलं नाही तर? तर ती घरी येईल, पोळ्या करील, उद्या सकाळी ते ॲप फोनवरून काढून टाकील आणि पुन्हा या वाटेला जाणार नाही. हे तिला पक्कं माहीत होतं. स्वतःचा तेवढा अभ्यास तिचा झालेला होता. एकदाच, आजच, काय ते व्हायचं होतं, आणि तरीही आनंद काही कमी होत नव्हता.

शाळेच्या पार्किंगमध्ये ती फारच लवकर पोचली. इंजिन बंद करून, काच थोडी खाली घेऊन बसली. बाहेर ओल्या पानांचा वास होता. अजूनही काम सोडता येत होतं, फोनवर तशी सोय होती, आणि ती सोय बोटाच्या अंतरावर आहे हे तिला सारखं जाणवत होतं. अठरा वर्षं तिनं सोयींवरच काढली होती. आधी नवऱ्याच्या व्हिसावर आल्यामुळे काम करायचं नाही, हा कायदाच होता. त्याला तिचा इलाज नव्हता. मग परवानगी आली, तर आर्य लहान. मग आर्य मोठा झाला, तर आता कोण घेणार आपल्याला. पुढे ग्रीन कार्ड आलं आणि बोट दाखवायला काहीच उरलं नाही, तेव्हा तिनं उच्चारांवर बोट ठेवलं. नागपूरला ती मराठी शाळेत नववी-दहावीला गणित शिकवायची, आणि तिथे तिला नावच नव्हतं, ती नुसती 'बाई' होती. बाई, झालं. बाई, उत्तर येत नाही. बाई, हा माझी कंपासपेटी देत नाही. मराठीत शिकवते तीही बाई आणि भांडी घासायला येते तीही बाई. अमेरिकेत आल्यावर यातली दुसरी बाई ती स्वतःच झाली, आणि पहिली कुठे गेली ते कुणी विचारलं नाही. एकदाच ती बाई डोकं वर काढायला गेली होती. आर्य सहावीत असताना शाळेत पालकांची संध्याकाळ होती, आणि एका गटाला कोडं समजावून सांगताना गिरिजा न राहवून उभी राहिली आणि म्हणाली, "सिक्स इन्टू थ्री इज एटीन." तिथल्या टीचरनं गोड हसून सांगितलं की सिक्स इन्टू थ्री इज वन हाफ. आपल्याकडे 'इन्टू' म्हणजे गुणिले, इथे 'इन्टू' म्हणजे भाग घालणं, तोही तीनला सहानं. दोन-चार पालक हसले, त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण गाडीत आर्य मागच्या सीटवरून म्हणाला, "आई, प्लीज डोन्ट डू मॅथ इन फ्रंट ऑफ पीपल." तो दुसऱ्या दिवशी ते विसरलासुद्धा. ती विसरली नाही. पुढे घरात साधा हिशेब करायचा झाला तरी ती आवाज न करता ओठांतल्या ओठांत करू लागली.

आणि तरी आज ती इथे बसली होती, याचं कारण ते गाव. मे महिन्यात सौमित्रच्या कंपनीनं त्याला ट्रेनिंगसाठी कोपनहेगनला पाठवलं, आणि ग्रीन कार्डाच्या जोरावर पहिल्यांदाच परत येण्याची धाकधूक न बाळगता तीही बरोबर गेली. तिथे उतरल्या दिवसापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, कारण त्या लोकांच्या लिपीत एक अक्षर होतं: गोल शून्य आणि त्यातून तिरकी रेघ. दुकानाच्या पाट्यांवर, बसवर, चीजच्या डब्यावर, जिथे तिथे. गिरिजाला तो रिक्त संच दिसत होता. ज्यात काहीच नाही असा संच, त्याची खूण हुबेहूब हीच. नववीच्या पोरांना फळ्यावर हे चिन्ह काढून दाखवताना खडूची ती तिरकी रेघ ओढायला तिला फार आवडायचं. आणि आता अख्खा देश त्याच चिन्हानं भरलेला होता, लोक ते ब्रेडवर लावून खात होते. शनिवारी स्टेशनातल्या नकाशापुढे ती उभी राहिली आणि तिला एक गाव सापडलं: सोरो. बाकी नावांत ते चिन्ह मधे कुठेतरी अडकलेलं होतं, या नावात मात्र ते शेवटी होतं, गणित सोडवून खाली उत्तर लिहावं तसं.

"इथे जायचं," ती म्हणाली.

"अगं, एकच शनिवार आहे यार. किल्ला बघू ना." सौमित्रनं फोनवर शोधलं. "इथे काही नाहीये. एक जुना मठ आहे, एक शाळा आहे, एक तळं आहे. बस."

"मग अजून काय पाहिजे?"

गाडीत बसल्यावर त्यानं नागपूरला आईला फोन लावला आणि सांगितलं की आम्ही मठ बघायला चाललोय. सुमित्राबाई खूश झाल्या. "कुठल्या महाराजांचा रे?" सौमित्र गोंधळला. म्हणाला, "तसा नाही गं आई, ख्रिस्ती लोकांचा आहे, आठशे वर्षांपूर्वीचा." सुमित्राबाई म्हणाल्या, "असू दे. मठ तो मठ. चपला बाहेर काढा म्हणावं गिरिजाला." फोन स्पीकरवर होता. दोघंही हसली, आणि तिकीट तपासनीसानं त्या गावाचं नाव घेतलं ते त्यांना ओळखूच आलं नाही, कारण त्यानं शेवटचं अक्षर जवळजवळ गिळून टाकलं होतं.

स्टेशन गावाबाहेर होतं. ती दोघं चालत गेली. बुटकी पिवळी घरं, दारांशी सायकली, कुठे आवाज नाही, आणि रस्ता संपतो तिथे जाड भिंतींची दगड-विटांची वेस. वेशीच्या वरच्या खिडकीत पडदे होते. म्हणजे तिथे कुणीतरी आरामात राहत होतं. वेशीतून आत गेलं की मोठं अंगण, जुनी झाडं, आणि शाळा. मठातले साधू कधीच गेले होते आणि त्यांच्या अंगणात शाळा भरत राहिली होती, शेकडो वर्षं. पोरं तिथेच राहतात, शिक्षकही तिथेच, तळ्याकाठच्या घरांत. गिरिजाचं चालणं नकळत भरभर व्हायला लागलं. समोरून एक टकलू गृहस्थ सायकलवरून गेले. त्यांच्या पुढच्या टोपलीत कागदांचा गठ्ठा होता, वरून रबरबँड. उत्तरपत्रिका. जगात कुठेही दिल्या तरी तिनं त्या ओळखल्या असत्या. ती चक्क वळून त्या सायकलकडे बघत राहिली. सौमित्र म्हणाला, "ओळखीचे आहेत का?" आणि ती म्हणाली, "हो."

मठाच्या देवळाशी तिनं खरोखरच बूट काढले. सासूबाईंच्या शब्दाखातर असं तिनं सौमित्रला सांगितलं, पण खरं म्हणजे हात आपोआप लेसकडे गेले होते. दाराशी बसलेल्या आजी खुणेनं म्हणाल्या की गरज नाही, मग तिच्या मोज्यांकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, राहू द्या. आत लाल विटांचे उंच खांब होते, भिंतींवर रंगवलेल्या ढालींची रांग होती, आणि खाली दगडाचा गारवा मोज्यांतून थेट टाचांत शिरत होता. तो गारवा चढत चढत गुडघ्यांपर्यंत आला तेव्हा गिरिजाला नागपूरच्या शाळेचा लांब व्हरांडा आठवला, जूनमधला, आणि प्रार्थनेआधीचा तो क्षण, जेव्हा अख्खी शाळा गप्प होते आणि आता काहीतरी सुरू होणार असतं. तिला तिथे रडू येईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तिला पळत सुटावंसं वाटलं.

सौमित्र आइस्क्रीम शोधायला गेला आणि ती तळ्याकडे उतरली. बाकावर एक मुलगी वही मांडीवर घेऊन बसली होती, सोळा-सतराची, कपाळावर आठ्या. मे महिना, परीक्षा जवळ. हे सांगायला भाषा लागत नाही. गिरिजानं तिच्या वहीत डोकावलं. डोकावू नये हे तिला कळत होतं. मुलीनं वर्गमूळ घालवण्यासाठी दोन्ही बाजूंचा वर्ग केला होता, उत्तर नऊ आलं होतं, आणि ते मूळ समीकरणात ठेवलं की बसत नव्हतं. तीन वेळा खोडलेलं होतं. "चूक सापडत नाहीये," मुलगी इंग्रजीत म्हणाली, जणू गिरिजा तिथे कायमच उभी असते. गिरिजा म्हणाली, "चूक नाहीये. नऊ हे वर्ग करताना बाहेरून घुसलंय. या समीकरणाला उत्तरच नाही, आणि हेच त्याचं उत्तर आहे." बोलताना तिच्या हाताची बोटं खडू धरल्यासारखी जुळली होती, ते तिला दिसलं. मुलगी वहीकडे बघत राहिली. मग आठी गेली. आठी जाते तो क्षण गिरिजानं अठरा वर्षं पाहिला नव्हता. माणसाच्या चेहऱ्यावर याहून सुंदर काही घडत नाही असं तिचं प्रामाणिक मत होतं, आणि त्यात आर्यच्या जन्माचा दिवसही तिनं हिशेबात धरला होता. मुलीनं खाली ऐटीत रिक्त संच काढला, शून्य आणि तिरकी रेघ, आणि हसून म्हणाली, "आमच्या भाषेत या अक्षराचा अर्थ बेट. नुसतं एवढंच अक्षर, आणि अख्खं बेट. हे गावही पूर्वी असंच पाण्यात होतं." गिरिजा बघतच राहिली. ज्यात काही नाही असं ती वर्षानुवर्षं शिकवत आली, त्यावर ही माणसं घरं बांधून राहत होती, शाळा चालवत होती. स्वतःविषयी तिनं मनाशी जे चिन्ह काढून ठेवलं होतं ते हेच होतं, हे तिला त्या बाकाशी पहिल्यांदा उघडउघड कळलं. आणि मग मुलीनं विचारलं, "तुम्ही गणिताच्या टीचर आहात? सुट्टीनंतर नवीन कुणीतरी येणार आहेत म्हणे."

"हो," गिरिजा म्हणाली.

इंग्रजीत भूतकाळ असतो हे तिला ठाऊक होतं. वापरायला तो अगदी जिभेशी होता. पण तोंडातून आलं ते हो, आणि ते खोटं बोलल्यासारखं वाटलंच नाही. मुलगी म्हणाली, "बरं, मग ऑगस्टमध्ये भेटू." सौमित्र तेवढ्यात दोन कोन घेऊन पोचला होता, त्यानं हे ऐकलं.

"तिला वाटलं तू इथली टीचर आहेस. सांगितलं नाहीस?"

"सांगितलं ना. हो म्हटलं."

परतीच्या गाडीत तो तिला छळत राहिला. मॅडम, जॉइन कधी होताय, पगार क्रोनरमध्ये घेणार का, आम्हाला क्वार्टर मिळेल ना. ती हसत होती, खिडकीबाहेर हिरवी शेतं पळत होती, आणि आइस्क्रीम मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलेलं तिला कळलं नाही. ट्रॉयला परत आल्यावर तिनं अर्ज केला, बोटांचे ठसे दिले, नावनोंदणी झाली. आणि मग सप्टेंबर उजाडला, हिरवे चौकोन येऊ लागले, आणि तिची ती हिंमत तळ्याकाठीच राहिली की काय असं तिला वाटायला लागलं.

पार्किंगमध्ये बसल्या बसल्या शाळेची घंटा कधी झाली ते तिला कळलंच नाही. पोरांचा लोंढा दाराकडे निघाला तेव्हा ती गाडीतून उतरली. ऑफिसमधल्या बाईनं तिच्या गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवला आणि एक सूचनांचा कागद दिला. वर्कशीट वाटा. मुलं आपापलं करतील. नवीन काही शिकवायची गरज नाही. गिरिजानं तो कागद चालता चालता दोनदा वाचला. म्हणजे तिनं खुर्चीवर बसायचं होतं, एवढंच. एक्सच्या जागी जी किंमत घालायची ती शून्यही चालणार होती. तिला क्षणभर सोपं वाटलं. दिवसभर बसून घरी जाता येईल, आणि शाळेत गेले होते असंही म्हणता येईल. मग तिच्या लक्षात आलं की हे राखाडी झालेल्या चौकोनाचं हायसं वाटणं आहे, तेच ते, नव्या कपड्यांत. आणि तिला त्याचा सपाटून राग आला.

वर्गात गलका होता. हल्ली तिच्या कानांना इतक्या आवाजाची सवय राहिली नव्हती, पण अंगाला होती. तिचे खांदे आपोआप मागे गेले. तिनं वर्कशीट वाटलं. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं, अनिका तिचं नाव, तिला मायेनं समजावलं, "मिस, यू डोन्ट हॅव टू डू एनिथिंग. सब्स जस्ट सिट." गिरिजाला ती मुलगी फार आवडली. मागे तिघं जण फोनमध्ये होते, एक उंच मुलगा खिडकीशी उभा राहून कुणाची तरी टोपी उडवत होता, दोघी दारापाशी काहीतरी सांगून खिदळत होत्या. गिरिजा बाकांमधून फिरू लागली. चौथं उदाहरण एकाला येत नव्हतं. त्याच्या पलीकडच्यालाही तेच येत नव्हतं. तिसरीनं तर तिथे फुलं काढली होती. एकाच ठिकाणी तिघं अडकली म्हणजे पोरांची चूक नसते, तिथे फळ्यापाशी जावं लागतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि ती ते विसरलीही नव्हती. ती चालत फळ्यापाशी गेली. कागदावर लिहिलं होतं, गरज नाही. तिनं कागद टेबलावर पालथा घातला.

"लिसन," ती म्हणाली. कुणी ऐकलं नाही. "एव्हरीवन, प्लीज." तो आवाज तिचा नव्हता, तो इथल्या दुकानांत, दवाखान्यांत, काउंटरवर वापरायचा, अठरा वर्षं वापरून झिजलेला आवाज होता. त्यात काही भरता येत नव्हतं. टोपी हवेत गेली आणि खाली आली. गिरिजानं श्वास घेतला, पोटातून, आणि पोटात सकाळपासून जे हुंदडत होतं ते त्या श्वासाबरोबर वर आलं.

"बसा रे खाली."

ते मराठीत निघालं हे तिला वर्ग गप्प झाल्यावर कळलं. शब्द कुणालाच कळला नव्हता, किंवा फार तर अनिकाला कळला असेल, कारण तिचे डोळे विस्फारले होते. पण तो आवाज काय म्हणतो आहे हे सगळ्यांना कळलं होतं. खुर्च्या सरकल्या. दारापाशीच्या दोघी आल्या आणि बसल्या. फोन खाली गेले.

खिडकीशी तो उंच मुलगा तेवढा उभा होता, हातात टोपी घेऊन. गिरिजानं त्याच्याकडे पाहिलं. तिला घाई नव्हती.

तोही बसला.